शेडनेटखाली द्राक्षं वाचली पण वास गेला, असं का झालं असेल?

कोरडी_हवा

नमस्कार मंडळी, इथे वाचत असतो नेहमी पण लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे मस्कत जातीची द्राक्षं आहेत आणि त्याला लागून थोडी कॅबरने, ही वाईनची जात. ओळी उत्तर-दक्षिण. हवा एकदम कोरडी, मणी फुगायला लागले की दुपारी ४० च्या खाली पारा येतच नाही, चार-सहा दिवस तर ४२-४३ जातो. गेली दोन वर्षं पश्चिमेकडचे घड अक्षरशः भाजले, म्हणजे मणी आधी पिवळट तपकिरी, मग चामड्यासारखे, मग सरळ मनुके, आणि तेसुद्धा घडाच्या एकाच बाजूला, मागून बघितलं तर घड हिरवागार. म्हणून यंदा म्हटलं बास झालं, नेट टाकायचीच. काळी, ५० टक्केवाली, वरून सपाट मांडवासारखी. मणी ज्वारीएवढे होते तेव्हा टाकली ती तोडणीपर्यंत हलवली नाही.

घड दिसायला एक नंबर आले. एक मणी भाजला नाही, वजन चांगलं, साल टवटवीत. पण वासच नाही हो. आमच्या मस्कतचा मणी चावला की गुलाबाचा आणि लिंबाच्या फुलाचा मधला काहीतरी वास नाकात चढायचा, हाताला पण राहायचा तासभर. यंदा नुसतं गोड पाणी, आणि जरा आंबटच. आणि कॅबरने ज्यांना वाईनसाठी दिली त्यांचा फोन आला की ढोबळी मिरची कापल्यासारखा वास मारतोय, काय केलंत काय यंदा? आता त्यांना काय सांगू, सावलीत वाढवली म्हणून?

तर प्रश्न असा की सावलीने वास जातो हे खरं आहे का? आणि खरं असेल तर पुढच्या वर्षी नेट काढून भाजू देऊ का? का नेटचा रंग बदलू? मधला मार्ग असला तर सांगा.

बगलफूट

दादा, तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात आणि दोन्ही उलट्या दिशेच्या आहेत, त्यामुळे आधी त्या सुट्या करू. मस्कतमधला जो वास हवा होता तो तयार झाला नाही. कॅबरनेमधला जो नको होता तो गेला नाही.

मस्कतचा वास टर्पिन नावाच्या सुगंधी रसायनांचा. लिनॅलूल, जिरॅनिऑल, नेरॉल ही नावं अत्तरवाल्यांना पण माहीत असतात. हे मुख्यतः सालीत बनतात आणि ते बनायला घडावर उजेड लागतो, वेलीवर नाही, घडावर. चिलीमध्ये १९९० च्या दशकात मस्कतच्याच जातींवर पूर्ण ऊन, अर्धी सावली आणि गच्च सावली अशी तुलना झाली होती, त्यात गच्च सावलीवाल्यांची टर्पिनं सपाटून पडली होती.

ढोबळी मिरचीवाला वास मेथॉक्सिपायराझिन नावाच्या रसायनाचा. कॅबरने, मर्लो, सोव्हिन्यों ब्लांक या जातींत तो असतोच, मस्कतमध्ये त्याचा त्रास नाही. लिटरभर पाण्यात २ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो, इतका जबरा. तो मण्यात साठतो कधी, तर पाणी उतरायच्या आधी, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरायला लागायच्या आधी. आणि त्या काळात घडावर उजेड असेल तर कमी साठतो. पाणी उतरल्यावर तुम्ही कितीही पानं काढा, साठलेला काही उन्हाने झटकन उडत नाही, पिकता पिकता आपल्या गतीने कमी होतो. तुम्ही नेट टाकली मणी ज्वारीएवढे असताना, म्हणजे नेमका जो काळ उजेडाचा होता तोच झाकला.

आणि एक हिशोब करून बघा. द्राक्षाचं एक पान त्याच्यावर पडलेल्या उजेडातला जेमतेम ६ ते १० टक्के पलीकडे जाऊ देतं. वर तुमची ५० टक्के नेट, खाली दोन पानं, मग घडाला उरलं काय? हजारातले तीन-चार भाग. फटीतून कवडसे येतात म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त मिळत असेल, पण नेटच्या पाकिटावरचा आकडा म्हणजे घडाची सावली नव्हे हे लक्षात घ्या. नेट नव्हती तेव्हा तुमची पानंच नेटचं काम करत होती, त्यावर तुम्ही दुसरी नेट टाकलीत.

ओलांडा_काका

मी नेटच्या विरोधात आहे हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

अहो भाजतंय फक्त पश्चिमेला, तर झाकताय सगळं कशाला? सकाळचं ऊन कोवळं, हवा गार, पूर्वेच्या घडाला ते मिळालंच पाहिजे. दुपारी तीनला जे पश्चिमेच्या घडावर पडतं ते ऊन तितकंच असतं हो, पण तोवर हवा आधीच तापलेली, वारा पडलेला. वारा नसताना उन्हातला काळा घड हवेपेक्षा १०-१२ अंशांनी सहज जास्त तापतो. म्हणजे तुमची हवा ४२ तर मणी ५० च्या पुढे, मग भाजणार नाही तर काय होणार.

मी काय करतो तर पूर्वेकडच्या फुटी नीट वर बांधतो, घडाजवळची पानं आणि बगलफुटी त्याच बाजूच्या काढतो, तेही मणी बारीक असतानाच म्हणजे सालीला उन्हाची सवय होते. पश्चिमेच्या फुटी बांधतच नाही, लोंबू देतो. दिसायला बाग गबाळी दिसते, शेजारचे हसतात, हसू देत. त्या लोंबत्या फुटींची छत्री होते आणि वारा पण खेळतो. आणि पाणी. कोरड्या हवेत पाणी तोडलं की पानं आधी मान टाकतात, मग गळतात, मग घड उघडा पडतो, मग म्हणायचं ऊन फार. उन्हाच्या लाटेच्या आदल्या रात्री पाणी दिलं की अर्धं काम होतं.

ज्यांच्या पानांत दम आहे त्यांना नेट लागत नाही असं माझं स्पष्ट मत.

बगलफूट

काका, मान्य, पण ४३ मध्ये सलग सहा दिवस पानंसुद्धा हात टेकतात. आणि "ऊन दिलं की वास येतो" हे पण अर्धंच खरं आहे, म्हणून लिहितो.

ऊन म्हणजे दोन वस्तू एकात, उजेड आणि उष्णता, आणि आपण नेहमी त्यांची गल्लत करतो. वॉशिंग्टन राज्यात मर्लोवर एक फार छान प्रयोग झाला होता, २००२ मध्ये छापून आला, त्यात उन्हातल्या घडांवर गार हवा सोडली आणि सावलीतल्या घडांवर गरम हवा. म्हणजे उजेड तोच ठेवून नुसतं टेम्परेचर बदललं. उन्हात ठेवून गार केलेल्या घडांचा रंग चढला आणि सावलीत असूनही तापवलेल्यांचा उतरला. तो रंगाचा अभ्यास होता, वासाचा नव्हता, पण मुद्दा कळतो की उजेड चांगला आणि तापणं वाईट, दोन्ही एकाच सूर्यातून येतात ही आपली अडचण.

वासाचं बघाल तर टर्पिनं पण अति तापली की घटतात. रिस्लिंग जातीत तर उघड्या घडांमध्ये रॉकेलसारखा वास जास्त येतो, ते टीडीएन नावाचं रसायन, पानात-सालीत जी पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं असतात त्यांच्या तुटण्यातून येतं, आणि घडावर ऊन जास्त तर ते जास्त. काळ्या जाती अति तापल्या की ताज्या फळाचा वास जाऊन शिजवलेल्या जॅमचा, सुकलेल्या आलुबुखारचा वास येतो. शिराझमध्ये काळ्या मिरीचा जो वास असतो तो रोटंडोनचा, तो तर गार आणि सावलीतल्या घडांत जास्त सापडतो, मणी २५ अंशांच्या वर जितका वेळ राहील तितका कमी. म्हणजे तुमची बाग शिराझची असती तर याच सावलीसाठी तुमची पाठ थोपटली असती लोकांनी! (हे रोटंडोन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ओळखलं, रेड वाईनमध्ये लिटरला १६ नॅनोग्रॅम पुरतं, आणि गंमत म्हणजे पाचातल्या एका माणसाला त्याचा वास येतच नाही.)

म्हणून सावली चांगली का वाईट असा प्रश्न नाहीच. कुठल्या जातीला, कधी, कुठल्या बाजूने आणि कसली सावली, हे विचारा.

नेटच्या रंगाचं म्हणाल तर काळी नेट सगळेच किरण सारख्या प्रमाणात अडवते, उजेडही गेला आणि ती स्वतः तापते ते वेगळंच. पांढरी किंवा मोतिया नेट उजेड विखरून टाकते, मग तो पानांच्या आतपर्यंत पोचतो. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते, पान त्यातून अन्न बनवत नाही, घड मात्र तापतो. कॅलिफोर्नियात नापा खोऱ्यात ओकव्हिलला विद्यापीठाच्या बागेत कॅबरनेवर हेच करून बघितलं, वेगवेगळे किरण अडवणाऱ्या फिल्म वेलींवर टाकल्या, २०२० आणि २०२१ चे हंगाम. इन्फ्रारेड अडवणाऱ्या फिल्मखाली घड गार राहिले आणि उजेड शिल्लक राहिला. कोरड्या-गरम भागासाठी मला ही दिशा पटते.

घडामोडी

दादा, मी चाखणीच्या बाजूची आहे, शेतीतलं तुम्हा लोकांइतकं नाही कळत, पण एक विचारते. तोडणी कशावर केलीत? ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, किती होतं? का दरवर्षीच्या तारखेला तोडलं?

कारण तुम्ही "जरा आंबटच" असं लिहिलंय आणि त्यावरून कोणीच काही बोललं नाही.

कोरडी_हवा

ताई, बरोबर पकडलंत. मस्कत २२ ब्रिक्सला तोडलं, एरवी २४ ला तोडतो. माणसं आधीच ठरलेली होती, ती पुढे मिळाली नसती. कॅबरने पण त्याच आठवड्यात. म्हटलं दोन ब्रिक्सने काय होतंय.

घडामोडी

होतं ना, बरंच होतं.

सावलीत गोडी उशिरा भरते आणि आंबटपणा टिकून राहतो, कारण उष्णतेत जे मॅलिक आम्ल जळून जातं ते गार घडात जळत नाही. म्हणजे नेटखालची बाग मागच्या वर्षीच्या तारखेला अजून पिकलेलीच नव्हती. हा खरं तर नेटचा फायदा आहे हो, कडक उन्हात साखर धावत सुटते आणि वास मागे राहतो, मग २४-२५ ब्रिक्सला पण द्राक्ष वासाने कच्चंच असतं. नेटने साखरेला लगाम बसला होता, तुम्ही आठ-दहा दिवस थांबला असतात तर ढोबळी मिरची पण अजून उतरली असती आणि मस्कत पण थोडं बोललं असतं. सगळं नसतं आलं, बगलफूट दादा म्हणतात ती उजेडाची चूक आहेच, पण सगळा दोष नेटवर नका टाकू, थोडा मुकादमावर पण टाका 🙂

आता चाखायचं कसं ते सांगते, कारण बहुतेक लोक मणी तोंडात टाकून गर गिळतात आणि म्हणतात वास नाही. मस्कतचा बराचसा वास मण्यात साखरेच्या रेणूला बांधलेला असतो, तसा बांधलेला असताना त्याला गंधच नसतो. म्हणून गर आणि बिया काढून टाका, नुसती साल दाढेखाली घ्या आणि पंधरा-वीस सेकंद चावत राहा, मग तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. पहिल्यांदा गोड, मग तुरट, आणि त्याच्या मागून वास आला तर आला. नाही आला तर त्या सालीत नाहीच असं समजा. वेगवेगळ्या पाच-सहा वेलींचे, घडाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे असे मणी घ्या, एकाच घडाचे नको.

तोडणीत सुटलेले घड असतीलच कुठेतरी. नेटच्या कडेचे आणि मधले असे दोन्हीकडचे शोधा आणि चावून बघा, मग इथे सांगा.

भुरीचा_शत्रू

एक राहिलंय सगळ्यांचं. फुलोऱ्याच्या आसपास काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होत असतात आणि त्याला उजेड लागतो. लवकर आणि गच्च सावली केली तर पुढच्या छाटणीनंतर वांझ फुटी जास्त निघतील, नाहीतर घड लहान निघून जिरतील. यांनी नेट सेटिंगनंतर, म्हणजे फुलांचे मणी धरल्यावर टाकलीय त्यामुळे पूर्ण वाट नाही लागणार पण काड्या छाटायच्या आधी चार डोळे तपासून घ्या, नंतर रडू नका.

दुसरं म्हणजे भुरी, पानाघडावर पांढरी पावडर धरणारी बुरशी. हवा कितीही कोरडी असू दे, भुरीला ओल्या पानाची गरज नाही, तिला सावली आवडते, कडक ऊन आणि त्यातले यूव्ही तिला मारतात. नेटखाली फवारणीचा नोझल घडापर्यंत पोचतोय का ते बघा. भुरीचा घड वाईनला गेला तर कुबट वास, मग ढोबळी मिरची परवडली म्हणाल.

नवी_कलमं

मध्येच विचारतो सॉरी, केओलिन मारलं तर? पांढरी माती पाण्यातून फवारतात ती. नेटचा खर्च-खटाटोप वाचेल ना?

ओलांडा_काका

मारतात. पान आणि घड पांढरे होतात, ऊन परत फिरतं, घड थोडा गार राहतो आणि उजेड नेटइतका तुटत नाही. पश्चिमेच्या बाजूलाच मारता येतं हे मला आवडतं. पण खायच्या द्राक्षाला नको, सालीवरचा पांढरा थर धुता धुता नाकी नऊ येतात आणि घडाच्या आत तर हात पोचत नाही. वाईनवाल्यांना पण आधी विचारून मारा. आणि मणी वाढले की थर फाटतो, परत मारायला लागतं.

आणि बगलफूटराव, तुमचं ते इन्फ्रारेडवालं वाचलं. पटलं थोडं. थोडंच.

कोरडी_हवा

मंडळी, बघून आलो. घडामोडी ताईंनी सांगितलं तसंच केलं, लिहितो सविस्तर.

माझी नेट पूर्वेच्या टोकाला चारेक फूट कमी पडली होती, त्यामुळे शेवटची मस्कतची ओळ पूर्वेकडून उघडीच राहिली. सकाळचं ऊन सरळ घडावर, दुपारी ऊन पश्चिमेला कललं की शेजारच्या ओळीवरच्या नेटची सावली तिच्यावर यायची. तेव्हा मी चिडलो होतो की माप चुकलं म्हणून. त्या ओळीत सुटलेले पाच-सहा घड मिळाले, आणि नेटच्या मधोमध सुटलेले चार. दोन वाट्यांत वेगवेगळे मणी काढले आणि बायकोला न सांगता तिच्यासमोर ठेवले, म्हटलं साल चावून सांग. कडेच्या वाटीतला दुसराच मणी चावून ती म्हणाली अरे हे आपलं जुनं मस्कत. मधल्या वाटीला म्हणाली ठीक आहे, पण हे कुठलंही द्राक्ष असू शकतं.

मी स्वतः चावलं तर मधल्या मण्यांना पण तोडणीच्या वेळेपेक्षा थोडा वास आलाय, तीन आठवडे जास्त लटकलेत ते. साल चावत राहिलो तर विसाव्या सेकंदाला कुठेतरी हलका गुलाब येतो आणि जातो. म्हणजे ताई तुमचं पण बरोबर निघालं आणि बगलफूट दादांचं पण. कडेच्या घडांचे बाहेरचे मणी जरा पिवळट झालेत पण भाजलेला एकही नाही.

पश्चिमेच्या टोकाला पण एक ओळ अर्धवट उघडी होती. तिथले सुटलेले घड चाखायच्या लायकीचेच नव्हते, वेलीवरच मनुके, आणि वास काकवीसारखा.

तर पुढच्या वेळेला सपाट मांडव नाही. काकांचं ऐकून पूर्वेकडची पानं काढणार, मणी बारीक असतानाच. पांढरी ३० टक्केवाली नेट फक्त पश्चिमेच्या बाजूला, पडद्यासारखी तारेवरून सोडायची, आणि मस्कतला ती पाणी उतरायच्या सुमाराला लावायची, त्याआधी फक्त लाट आली तर खाली सोडायची आणि लाट गेली की गुंडाळून वर. कॅबरनेला पण तसंच. चार ओळी काकांच्या पद्धतीने बिननेटच्या ठेवतो, लोंबत्या फुटींच्या. शेजारचे हसले तर काकांचा नंबर देतो.

बगलफूट

भारी केलंत, वाट्यांची आयडिया झकास. पडदा तारेवरून सोडताना घडाला घासू देऊ नका, वाऱ्याने नेट घासली की सालीवर ओरखडे येतात आणि तिथूनच सड लागते. घडापासून वीतभर तरी लांब. आणि तो स्वस्तातला इन्फ्रारेड थर्मामीटर असतो ना बंदुकीसारखा, तो घ्या, दुपारी तीनला पूर्वेचा घड आणि पश्चिमेचा घड मोजा, मग नेट कधी सोडायची ते कॅलेंडर बघून नाही तर घड बघून ठरवता येईल. तुमच्या नेटवर धूळ किती आहे? कोरड्या भागात नेट हंगामाच्या शेवटी पाकिटावरच्या आकड्यापेक्षा बरीच गच्च झालेली असते.

कोरडी_हवा

धुळीचं विचारू नका. आज एक पट्टी धुवायला काढली तर हौदात गढूळ चहा. मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप आहे, त्याने नेटबाहेर आणि नेटखाली मोजलं, धुतलेली पट्टी ५२ टक्के अडवते आणि न धुतलेली ६७. आणि मी सगळ्यांना सांगत फिरतोय की पन्नासची टाकलीय.